संगणक आला, पण जाळे कुठे आहे?
शिरूर-दौंड तालुक्यांतील ग्रंथालयांच्या तंत्रज्ञान-नियोजनाची चिकित्सा

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे दोन शेजारी तालुके. शिरूर घोडनदीच्या काठी, पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर वसलेले. तिथे रेल्वे नाही. दौंड भीमेच्या काठी, रेल्वेचे मोठे जंक्शन. दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहते आणि न्हावऱ्याहून केडगाव-चौफुल्याकडे जाणारा रस्ता पारगावजवळ ती ओलांडतो. २०११ च्या जनगणनेत या दोन्ही तालुक्यांची लोकसंख्या प्रत्येकी पावणेचार लाखांच्या पुढे होती. एकीकडे रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर, कुरकुंभ इथले कारखाने, दुसरीकडे ऊस आणि साखर कारखाने, आणि या दोन्हींच्या मध्ये गावोगावची शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये, असे इथले चित्र आहे.

ही ग्रंथालये एकाच कायद्याखाली चालतात, एकाच जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याकडे वार्षिक अहवाल पाठवतात, त्यांची तपासणी एकाच पद्धतीने होते. तरीही न्हावऱ्याच्या वाचकाला हवे असलेले पुस्तक नदीपलीकडे केडगावच्या कपाटात पडून असेल, तर ते दोघांनाही कळण्याची सोय या व्यवस्थेत नाही. कळले तरी ते पुस्तक इकडे आणण्याची सोय नाही. आपण यांना सवयीने ‘ग्रंथालयांचे जाळे’ म्हणतो. जाळ्याला गाठी असतात आणि गाठींना जोडणारा दोराही असतो. इथे गाठी आहेत, दोरा नाही.

गेली वीस-पंचवीस वर्षे ग्रंथालयांच्या ‘आधुनिकीकरणा’ची भाषा सातत्याने कानी येते. संगणक, प्रिंटर, बारकोड, वाय-फाय, ई-पुस्तके अशी यादी होते, निधी मागितला जातो, यंत्रे येतात, उद्घाटन होते. या लेखात मला त्या यादीची चिकित्सा करायची आहे. माझा मुद्दा थोडक्यात असा : आपल्याकडे तंत्रज्ञानाचे नियोजन प्रत्येक ग्रंथालयापुरते सुटे होते, कारण अनुदानाचे नियमच प्रत्येक ग्रंथालयाला सुटे धरतात. हे जोवर बदलत नाही, तोवर कितीही चांगले सॉफ्टवेअर आणले तरी ते रजिस्टराची महाग प्रत ठरेल.

जाळ्याची कल्पना जुनीच

ग्रंथालये एकमेकांना जोडलेली असावीत, हा विचार आपल्याला इंटरनेटने शिकवलेला नाही. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतले आणि संस्थानात मोफत सार्वजनिक ग्रंथालयांची योजना उभी केली. मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची ग्रंथालये आणि जिथे ग्रंथालय नाही तिथे लाकडी पेट्यांतून जाणारी फिरती ग्रंथालये, अशी तिची रचना होती. खर्चाचे तीन वाटे होते : एक गावाचा, एक प्रांत पंचायतीचा, एक सरकारचा. पेटी रेल्वेने पाठवायची तर तिचे भाडे कोण देणार, हा प्रश्नही त्या योजनेने सोडवला होता. ते भाडे ग्रंथालय खाते भरत असे. पुस्तक पोचवण्याचा खर्च हा ग्रंथालयाचाच खर्च मानला गेला होता. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या नियोजनात आणि आजच्या आपल्या यादीत मोठा फरक आहे तो इथेच.

मुंबई इलाख्यातही असाच विचार झाला होता. १९३९ मध्ये सरकारने असफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय विकास समिती नेमली. १९४० च्या अहवालात या समितीने मध्यवर्ती ग्रंथालयापासून थेट गावापर्यंत सहा पायऱ्यांची रचना सुचवली. पुढे प्रादेशिक, जिल्हा आणि तालुका ग्रंथालयांना मान्यता देण्याचे जे धोरण आले, त्याचे मूळ या अहवालात आहे. पुण्यात विश्रामबाग वाड्यातले शासकीय विभागीय ग्रंथालय त्याच साखळीतले. फैजींच्या रचनेत तालुका ग्रंथालय हा मधला दुवा होता. वरून आलेले खाली पोचवायचे आणि खालची गरज वर कळवायची, हे त्याचे काम होते.

१९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम झाला आणि तो १ मे १९६८ पासून अमलात आला. ग्रंथालय संचालनालय स्थापन झाले. १९७० मध्ये मान्यता आणि सहायक अनुदानाचे नियम आले. या कायद्याने महाराष्ट्रात वाचनालयांची संख्या वाढली, हे त्याचे निर्विवाद यश आहे. राज्यात मान्यताप्राप्त ग्रंथालयांची संख्या दहा हजारांच्या पुढे गेली, आणि ती मुख्यतः लोकांनी, स्थानिक मंडळांनी, शिक्षकांनी उभी केली. पण पायऱ्यांची रचना मात्र कागदावर ‘जिल्हा’, ‘तालुका’ आणि ‘इतर’ या तीन शब्दांपुरती उरली. तालुका ग्रंथालयाला जास्त अनुदान मिळते. आपल्या तालुक्यातल्या बाकीच्या ग्रंथालयांना पुस्तके पोचवण्याचे बंधन मात्र त्याच्यावर नाही. हुद्दा राहिला, काम गेले.

अनुदानाचे गणित

आपल्या ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. ग्रंथसंख्या, सभासद, वर्तमानपत्रे व नियतकालिके, उघडे राहण्याचे तास, कर्मचारी यांवर वर्ग ठरतो आणि वर्गावर अनुदान. २०२२-२३ पासून अनुदानात ६० टक्के वाढ झाली. त्या वाढीने ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान ३०,००० रुपयांवरून ४८,००० रुपयांवर गेले. म्हणजे महिन्याला ४,००० रुपये. यातली निम्मी रक्कम वेतनाला दिली, तर ग्रंथपालाच्या हातात महिन्याला २,००० रुपये पडतात. उरलेल्या २,००० मध्ये पुस्तके, वर्तमानपत्रे, वीजबिल, भाडे, झाडलोट. शेतमजुराच्या आठवड्याभराच्या रोजंदारीच्या आसपासचा हा महिन्याचा पगार आहे.

आता या ग्रंथालयासाठी ‘तंत्रज्ञान-सुधारणा’ योजा. संगणक देणगीतून येईल. एखाद्या कारखान्याच्या सामाजिक निधीतूनही येईल. पण इंटरनेटचे मासिक शुल्क, कार्ट्रिज, बॅटरी, दुरुस्ती हे दर महिन्याचे खर्च आहेत. ते या २,००० मधून जाणार, म्हणजे पुस्तकांतून जाणार. यंत्राची किंमत एकदाच द्यावी लागते, यंत्र चालवण्याची किंमत कायम द्यावी लागते. आपल्या बहुतेक योजना पहिलीचाच विचार करतात. धूळ खात पडलेला संगणक हा बहुधा ग्रंथपालाच्या आळसाचा पुरावा नसतो, नियोजनाच्या अपुऱ्या हिशेबाचा असतो.

याहून खोल अडचण वर्गाच्या निकषात आहे. ग्रंथसंख्येवर वर्ग ठरत असेल तर जीर्ण, कालबाह्य, दहा-दहा प्रतींत पडून असलेले पुस्तक काढून टाकणे ग्रंथालयाच्या हिताचे राहत नाही. २००८ सालचे स्पर्धा परीक्षेचे मार्गदर्शक आज कुणाच्या कामाचे नाही, पण दाखल नोंदवहीत ते एक आकडा आहे. तसेच शेजारच्या ग्रंथालयाकडून पुस्तक मागवून वाचकाला दिले, तर त्या देवघेवीचे श्रेय निकषांत कुठेच मोजले जात नाही. दोन गावांनी मिळून एक महाग संदर्भग्रंथ घ्यायचा ठरवला, तर तो एकाच्याच नोंदवहीत चढतो आणि दुसऱ्याचा तोटा होतो. म्हणजे वाटून घेण्याला आपले नियम शिक्षा करतात आणि साठवण्याला बक्षीस देतात.

२०१२ मध्ये राज्यभरातल्या ग्रंथालयांची महसूल यंत्रणेमार्फत पडताळणी झाली. त्यानंतर नव्या ग्रंथालयांना मान्यता आणि जुन्यांची वर्गवाढ दीर्घकाळ थांबली. कागदावरची ग्रंथालये शोधणे आवश्यकच होते. पण त्या अनुभवाने एक भीती मागे ठेवली : खरा आकडा बाहेर आला तर वर्ग जाईल. संगणकीकरणाने सर्वांत आधी बाहेर येतो तो खरा आकडाच. किती पुस्तके प्रत्यक्ष कपाटात आहेत, किती सभासद वर्षभरात एकदा तरी आले, हे यंत्र लपवत नाही. ज्या व्यवस्थेत खरे सांगणाऱ्याला तोटा होतो, तिथे खरे मोजणारे यंत्र कुणी मनापासून वापरणार नाही. म्हणून नोंदी तपासून सुधारण्यासाठी काही वर्षांची अभयमुदत द्यावी लागेल आणि त्या काळात वर्ग कमी करू नये. हा प्रशासकीय निर्णय कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा अधिक उपयोगी पडेल.

केंद्राच्या योजना कुठे थांबतात?

कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून देशभरच्या सार्वजनिक ग्रंथालयांना मदत करते. समान निधी आणि असमान निधी अशा तिच्या योजना आहेत. त्यांत ग्रंथ, फर्निचर, इमारत, बालविभाग, ‘ज्ञान कोपरा’ यांसाठी अर्थसाहाय्य मिळते. अनेक खेड्यांत पहिला संगणक याच वाटेने आला असेल. पण अर्ज प्रत्येक ग्रंथालयाने स्वतंत्र करायचा असतो आणि मदत वस्तूंसाठी मिळते. दहा ग्रंथालयांनी एकत्र येऊन एक सामायिक सेवा मागावी, अशी वाट त्यात सहजी सापडत नाही.

राष्ट्रीय ज्ञान आयोगाच्या शिफारशींतून पुढे आलेले राष्ट्रीय ग्रंथालय अभियान ९ फेब्रुवारी २०१४ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते सुरू झाले. त्यातल्या आदर्श ग्रंथालयांच्या योजनेत प्रत्येक राज्यातले एक मध्यवर्ती आणि एक जिल्हा ग्रंथालय घडवायचे होते. कल्पना वाईट नाही. पण ती जिल्ह्यापाशी थांबते. शिरूर आणि दौंड तिच्या नकाशावर येतच नाहीत. राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ मध्ये राष्ट्रार्पण झाले आणि ते विद्यार्थ्यांना उपयोगी आहे. महाराष्ट्राच्या साहित्य संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके आणि मराठी विश्वकोश संगणकावर विनामूल्य वाचता येतात. मात्र हे सारे वरून खाली येणारे साहित्य आहे. मांडवगण फराट्याच्या वाचनालयात कोणते पुस्तक आहे, हे सांगणारी खालून वर जाणारी नोंद यात कुठेच नाही.

शेजारच्या कर्नाटकात मालमत्ता करावर सहा टक्के ग्रंथालय उपकर आहे. तिथली पाच हजारांहून अधिक ग्रामपंचायत ग्रंथालये २०१९ मध्ये ग्रामविकास खात्याकडे गेली आणि त्यांचे रूपांतर ‘अरिवु केंद्रां’त होऊ लागले. उपकराची वसुली होऊनही रक्कम ग्रंथालयांपर्यंत पोचत नाही, अशी तक्रार तिथेही आहेच. आपल्या कायद्यात उपकर नाही. त्यामुळे आपली ग्रंथालये वर्षावर्षाच्या अनुदानाच्या हप्त्यांवर जगतात. ज्याला पुढच्या हप्त्याची तारीख ठाऊक नाही, त्याच्याकडून पाच वर्षांच्या नियोजनाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. म्हणून आवर्ती खर्चाची हमी एकेका ग्रंथालयाच्या माथी न मारता तालुका पातळीवर घ्यावी लागेल.

मराठी नोंदीचा प्रश्न

जाळ्याचा पहिला दोरा म्हणजे संयुक्त तालिका : कोणते पुस्तक कोणत्या ग्रंथालयात आहे याची एकच यादी. ती करताना खरी कसोटी मराठीची लागते, आणि सॉफ्टवेअरच्या चर्चेत हा भाग जवळजवळ नसतोच.

अनेक ग्रंथालयांनी जुन्या काळी याद्या टंकलिखित केल्या त्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये. तो फाँट नसलेल्या संगणकावर त्या याद्या म्हणजे इंग्रजी अक्षरांचा काला. युनिकोड आला तरी सगळे मिटले नाही. ‘न्हावऱ्याचा’ या शब्दातला अर्धा र दोन वेगवेगळ्या प्रकारे टंकता येतो. डोळ्याला दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. ‘ॲ’ हे अक्षरही दोन रीतींनी साठते. १९६२ च्या लेखन-नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, पण जुन्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर ‘कांहीं’ आहे आणि वाचक शोधतो ‘काही’. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर, ग्रेस आणि माणिक गोडघाटे या जोड्या एकाच व्यक्तीच्या आहेत, हे वाचकाला ठाऊक असते. यंत्राला कुणीतरी सांगावे लागते. एकाच ग्रंथालयात ‘पु. ल. देशपांडे’, ‘देशपांडे पु. ल.’ आणि नुसते ‘पुलं’ अशा तीन नोंदी सापडणे मुळीच अवघड नाही. भारतात आयएसबीएन १९८५ पासून दिला जातो. त्याआधीच्या मराठी पुस्तकांवर तो नसतो, त्यामुळे क्रमांकावरून पुस्तक ओळखण्याची पळवाटही नाही.

हे काम प्रत्येक गावाने आपापले करायचे ठरवले तर काय होते, ते साध्या हिशेबाने पाहू. दहा हजार पुस्तकांच्या ग्रंथालयात एका माणसाने रोज चाळीस नोंदी केल्या तर अडीचशे कामाचे दिवस लागतात, म्हणजे जवळजवळ वर्ष. अशी वीस ग्रंथालये असतील तर वीस वर्षांचे श्रम. यातला मोठा भाग पुनरावृत्तीचा असतो, कारण ही ग्रंथालये बहुतांशी त्याच शासनमान्य ग्रंथयादीतून पुस्तके घेतात. तीच कादंबरी वीस ठिकाणी वीस जणांनी वीस प्रकारे टंकायची. त्याऐवजी संचालनालयाने शासनमान्य यादी जाहीर करतानाच प्रत्येक पुस्तकाची शुद्ध, प्रमाणित नोंद तयार करून द्यावी. मग गावच्या ग्रंथपालाला आपला दाखल क्रमांक तेवढा जोडायचा उरेल. यासाठी नवे यंत्र लागत नाही. एकदाच नीट केलेल्या कामाचा उपयोग सर्वांना द्यावा, एवढी वृत्ती लागते.

सॉफ्टवेअरची उणीव नाही. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे ‘ई-ग्रंथालय’ आहे. ‘कोहा’ हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, आणि त्याची जन्मकथा इथे मुद्दाम सांगण्यासारखी आहे. न्यूझीलंडमधल्या हॉरोव्हेनुआ या ग्रामीण भागातल्या ग्रंथालय न्यासाची जुनी प्रणाली २००० साल उजाडताच निकामी होणार होती. बाजारातल्या मोठ्या प्रणाली त्यांना परवडत नव्हत्या, आणि शाखांपर्यंत साध्या टेलिफोनच्या ताराच पोचत होत्या. त्यांनी १९९९ मध्ये एका स्थानिक कंपनीकडून त्या कमजोर तारांवरही चालेल अशी प्रणाली करून घेतली, ३ जानेवारी २००० रोजी ती सुरू केली आणि मग जगाला विनामूल्य दिली. ‘कोहा’ या माओरी शब्दाचा अर्थ भेट. आज जगभर वापरली जाणारी ही प्रणाली एका खेडवळ भागाने आपल्या अडचणी आधी नीट मांडल्या म्हणून जन्माला आली. आपण मात्र शहरी, विद्यापीठीय ग्रंथालयांसाठी बनलेली यादी घेतो आणि तिची लहान आवृत्ती खेड्यात बसवतो. तीन हजार पुस्तकांच्या, एका खोलीच्या वाचनालयाला चोरी ओळखणारे दार कशाला हवे?

पुस्तक पोचवणे आणि माणूस टिकवणे

समजा, संयुक्त तालिका झाली. न्हावऱ्याच्या मुलीने फोनवर पाहिले की हवे ते पुस्तक दौंडला आहे. पुढे काय? पुस्तक आणणारे कुणी नसेल तर तालिकेने तिची फक्त हळहळ वाढवली. म्हणून ग्रंथालयाच्या तंत्रज्ञानात पुस्तकाची पिशवीही धरली पाहिजे. आठवड्यातून एक ठरलेला वार, शिरूरहून न्हावरे-पारगाव-केडगावमार्गे दौंडपर्यंत एक फेरी, आणि प्रत्येक थांब्यावर कुलूप लावता येईल अशी एक पेटी, एवढ्याने सुरुवात होते. एसटीने पार्सल, दुधाच्या गाडीवाल्याशी केलेला करार, किंवा तालुका ग्रंथालयाने भाड्याने घेतलेली छोटी गाडी, यांतले जे स्वस्त आणि नेमाने चालेल ते घ्यावे. तो खर्च अनुदानाच्या हिशेबात मान्य व्हायला हवा. बडोद्याला जे समजले होते ते हेच.

दुसरा प्रश्न माणसाचा. महिना २,००० रुपयांवर काम करणारा ग्रंथपाल शिकला-सवरला की रांजणगावला कंपनीत जातो, आणि त्याच्याबरोबर संगणकाचा पासवर्डही जातो. प्रशिक्षण एकदाच, पुण्याला, दोन दिवस असे असून भागत नाही. ते जवळ आणि वारंवार हवे. या दोन तालुक्यांना या बाबतीत परंपरा आहे. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. खेड्यातल्या मुलांनी हाताने काम करत तंत्र शिकावे आणि ते गावाच्या उपयोगी पडावे, हा त्याचा पाया. अमेरिकेतल्या एमआयटीच्या फॅब लॅबची देशाबाहेरची पहिली शाखा २००२ मध्ये याच खेड्यात आली. दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात छापखाना होता आणि तिथल्या स्त्रिया, मुली खिळे जुळवण्याचे काम करत. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर तिथेच छापले गेले. ज्या स्त्रियांना घराने टाकले होते, त्यांच्या हाती त्या काळचे यंत्र देण्यात आले आणि त्या ते चालवू लागल्या. यंत्रासोबत शिक्षण आणि शिक्षणासोबत काम, ही साखळी त्या दोन्ही ठिकाणी तुटली नाही.

ग्रंथालयांनी एवढेच घ्यावे : प्रत्येक तालुक्यात एक पूर्णवेळ, नीट पगाराचा तंत्रसाहाय्यक असावा. तो तालुका ग्रंथालयात बसेल, महिन्यातून एकदा प्रत्येक गावी जाईल, नोंदी तपासेल, यंत्र दुरुस्त करेल, नव्या माणसाला शिकवेल. वीस संगणक घेण्याऐवजी अशा एका माणसाचा पगार आधी उभा करावा, असे मी म्हणेन.

कुणासाठी हे सारे?

गावच्या वाचनालयाचा वाचक बदलला आहे. कथा-कादंबऱ्या नेणारे ज्येष्ठ आणि गृहिणी आहेत. पण पोलीस भरती, तलाठी भरती, राज्यसेवा यांची तयारी करणारी मुले-मुली अभ्यासिकेच्या खुर्चीसाठी येतात. त्यांना यंदाची आवृत्ती हवी असते, आणि ती प्रत्येक गावाला परवडत नाही. सामायिक खरेदी इथे सर्वांत आधी उपयोगी पडेल. औद्योगिक वसाहतींत बाहेरगावाहून, परप्रांतांतून आलेली कुटुंबे आहेत. गळीत हंगामात ऊसतोड कामगारांची मुले काही महिने इथे असतात. या वाचकांना अनामत भरून एका गावचे सभासद होणे अवघड जाते. दोन तालुक्यांत कुठेही चालणारे एकच सभासद-ओळखपत्र असेल, तर सणसवाडीत नाव नोंदवलेल्या मुलाला कुरकुंभला गेल्यावर पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

हे करताना एक सावधगिरी हवी. कोण काय वाचतो, ही माणसाची खासगी गोष्ट आहे. रजिस्टरात ती एका खोलीत राहते. सर्व्हरवर ती कुठेही जाऊ शकते. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक केली आहे. पुस्तक परत आले की ‘कुणी नेले’ ही नोंद पुसली जावी आणि ‘किती वेळा गेले’ एवढीच उरावी, हा नियम पहिल्या दिवसापासून सॉफ्टवेअरमध्ये बसवावा. नंतर तो बसत नाही.

आराखडा आणि आक्षेप

या सगळ्याचा क्रम मी असा लावेन. पहिल्या वर्षी यंत्रे घेऊ नयेत. दोन्ही तालुक्यांतल्या ग्रंथालयांनी आपली खरी मोजणी करावी, शासनाने अभयमुदत द्यावी, तंत्रसाहाय्यक नेमावेत आणि पुस्तकांची साप्ताहिक फेरी कागदी याद्यांवरच सुरू करावी. दुसऱ्या वर्षी संयुक्त तालिका : आधी शासनमान्य याद्यांतली पुस्तके, मग संदर्भग्रंथ आणि दुर्मीळ पुस्तके, शेवटी उरलेली. गावच्या ग्रंथालयाला मोठ्या संगणकाची गरज नाही. बॅटरीवर चालणारा साधा लॅपटॉप किंवा ग्रंथपालाचा फोन पुरतो, मात्र वीज वा नेट गेले तरी देवघेव थांबू नये आणि नेट आल्यावर नोंदी आपोआप वर जाव्यात. तिसऱ्या वर्षी समान ओळखपत्र आणि सामायिक खरेदी. आणि या सर्वांसोबत निकषांत बदल : दुसऱ्या ग्रंथालयाला दिलेले आणि दुसऱ्याकडून आणून वाचकाला दिलेले प्रत्येक पुस्तक दोन्ही ग्रंथालयांच्या खात्यात मोजले जावे.

यावर तीन आक्षेप येतील. पहिला : हातात फोन आल्यावर ग्रंथालय हवेच कशाला? याचे उत्तर अभ्यासिकेच्या भरलेल्या खुर्च्या देतात. शिवाय मराठी पुस्तकांचा फार मोठा भाग अजून कागदावरच आहे. दुसरा : अनेक ‘ड’ वर्ग ग्रंथालये नावापुरतीच आहेत, त्यांच्यावर खर्च का? काही तशी आहेत, हे नाकारून चालणार नाही. पण महिना ४,००० रुपयांत ग्रंथालय चालवायला सांगून ते चालत नाही म्हणून बंद करणे हा न्याय नव्हे. त्यांना पूर्ण ग्रंथालय होण्याचा आग्रह सोडून पेटीचा थांबा आणि वाचनाची जागा होऊ द्यावे. कामाप्रमाणे अनुदान द्यावे. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे : ही ग्रंथालये स्वायत्त संस्था आहेत, त्यांना एकत्र कसे आणणार? सक्तीने नव्हेच. स्वायत्तता ही महाराष्ट्राच्या वाचनालयांची कमाई आहे आणि ती सरकारी खात्यात विरघळवू नये. पण जोडले गेल्याने फायदा होतो असे नियम केले, तर संस्था आपणहून जोडल्या जातात. आज सुटे राहण्याने फायदा होतो, म्हणून त्या सुट्या आहेत.

कोणताही आराखडा यशस्वी झाला की नाही, हे ठरवण्यासाठी किती संगणक बसले आणि किती नोंदी झाल्या हे आकडे पुरेसे नाहीत. एक साधे मोजमाप वापरावे. मांडवगण फराट्याच्या वाचनालयात एखाद्या मुलीने दौंडच्या कपाटातले पुस्तक मागितले, तर ते तिच्या हातात किती दिवसांत पडते? आज याचे उत्तर ‘कधीच नाही’ असे आहे. ते ‘आठ दिवसांत’ असे झाले, तर मधली नदी ओलांडली गेली असे समजावे, मग त्यासाठी किती संगणक लागले हा प्रश्न दुय्यम ठरेल.